हम्बल पाय, क्रो की एग? मानहानीच्या इंग्रजी वाक्प्रचारांतून नेमका कोणता निवडायचा

ऐरोली-महापेच्या ऑफिसात मेल लिहिताना किंवा ठाण्यात बसून इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘ईट हम्बल पाय’ समोर आलं, की बहुतेकांना पहिल्यांदा ‘तोंडघशी पडणे’ सुचतं. घोळ तिथेच होतो. तोंडघशी पडण्यात माणूस नुसता उघडा पडतो. हम्बल पायमध्ये त्याला आपली चूक स्वतःच्या तोंडाने कबूल करावी लागते, तीही बहुधा ज्याच्याशी वाद घातला त्याच्यासमोर. म्हणून शब्द निवडण्याआधी मजकुरात कबुली आहे की नाही, एवढं बघा. निम्मं काम तिथेच होतं.

एकच प्रसंग घेऊ. घोडबंदर रोडवरची एक सोसायटी. ४०३च्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. वरचे ५०३वाले सर्वसाधारण सभेत ठणकावून सांगतात, “गळती माझ्याकडून नाहीच.” हे वाक्य इतिवृत्तात जातं. रविवारी प्लंबर येतो, ५०३ची नहाणी फडक्याचा बोळा घालून बंद करतो, दोन बोटं पाणी साठवतो आणि त्यात लाल रंग कालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ४०३च्या छतावर गुलाबी डाग.

शेजारी मान वर करून तो डाग बघताहेत, तो क्षण म्हणजे ‘एग ऑन हिज फेस’. अजून कोणी माफी मागितलेली नाही आणि या वाक्प्रचाराला तिची गरजही नाही. ‘तोंडघशी पडले’, ‘फजिती झाली’, ‘हसं झालं’ हे सगळे याचे जोडीदार. संध्याकाळी ५०३वाले खाली येऊन बेल वाजवतात, “वहिनी, चूक माझीच होती. उद्यापासून काम लावतो.” हा हम्बल पाय. मराठीत त्याला एका शब्दाचा तयार पर्याय नाही. ‘चूक कबूल करून नमतं घेतलं’ हे सर्वांत जवळचं. ‘नाक घासलं’ही चालतं, पण त्यात गयावया आहे आणि सांगणाऱ्याला थोडा आनंदही झालेला आहे. मूळ मजकुरात तो आनंद नसेल तर ‘नाक घासणे’ टाळा.

पुढच्या सभेत सेक्रेटरींनी इतिवृत्तातलं वाक्य वाचून दाखवलं आणि तेच मागे घ्यावं लागलं, तर ‘ईट हिज वर्ड्स’. इथे नेमका उच्चारलेला शब्द हवा. नुसता आडमुठेपणा पुरत नाही. माफीबिफी न मागता “बरं, निम्मा खर्च देतो” एवढंच म्हटलं, तर ‘क्लाइम डाउन’, म्हणजे आपली ‘माघार’. अध्यक्षांनी भर सभेत सुनावलं, तर ‘टेक हिम डाउन अ पेग’. यात करणारा दुसरा असतो, म्हणून मराठीत ‘पाणउतारा केला’.

आणि यानंतर सोसायटीत त्यांच्या शब्दाला कोणी किंमत देईनासं झालं, तर ‘लूज फेस’. हा वाक्प्रचार इंग्रजीत चिनी भाषेतून, एकोणिसाव्या शतकात आला. चेहरा म्हणजे चारचौघांतली पत, ही त्यामागची कल्पना. मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण आपली ‘अब्रू’ फारसीतली ‘आबरू’ आहे: आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. ‘पाणउतारा’तलं पाणीही तेच, तेजाचं. म्हणून ‘लूज फेस’ला ‘अब्रू गेली’ इतका नेमका बसतो, की दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

‘ईट क्रो’ अर्थाने हम्बल पायचाच भाऊ, पण अमेरिकन. छातीठोक दावा किंवा भाकीत खोटं ठरलं आणि ते कबूल करावं लागलं, की तिकडे कावळा खातात. ग्राहक अमेरिकेतला असेल तर चालेल. लंडनला मेल जाणार असेल तर हम्बल पाय बरा. दोन्हीकडे समजेल असं एकच हवं असेल, तरीही हम्बल पायच. मराठीत आणताना मात्र कावळा जागच्या जागी सोडून द्या. आपल्याकडे कावळा म्हटला की पिंड आठवतो, आणि वाचक भलत्याच घाटावर पोचतो. पायचीही तीच अडचण: देवनागरीत ‘पाय खाल्ला’ वाचणाऱ्याला भाजलेला पदार्थ नव्हे, तंगडी दिसते.

या पायचं मूळ ठाऊक असलं की अर्थ पक्का बसतो. हरणाचं काळीज, यकृत, आतडी यांना इंग्रजीत ‘अम्बल्स’ म्हणत, आणि ते घालून केलेला तो ‘अम्बल पाय’. हा शब्द कंबरेच्या मांसासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. ‘हम्बल’चं कूळ वेगळं: लॅटिन ‘हुमुस’, म्हणजे जमीन. उच्चार जुळले आणि एकोणिसाव्या शतकात कोटीचा वाक्प्रचार झाला. पदार्थ स्वतः काही लाजिरवाणा नव्हता. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स १६६३च्या रोजनिशीत शेजारणीने आणलेल्या गरमागरम अम्बल पायची तारीफच करतो. तेव्हा हम्बल पाहून ‘नम्रता’ लिहू नका. पुरस्कार स्वीकारताना विनम्र वाटतं, ते हे नव्हे.

सुट्या शब्दांबद्दल थोडंसं. ‘एम्बॅरस्ड’ म्हणजे ओशाळणं, खजील होणं. यात कोणी वाईट वागलेलं असेलच असं नाही. ‘ह्युमिलिएटेड’ म्हणजे मानहानी, आणि तिच्या मुळाशीही तीच ‘हुमुस’ जमीन आहे. ‘मॉर्टिफाइड’मध्ये लॅटिन मृत्यू आहे, त्याला आपलं ‘मेल्याहून मेल्यासारखं झालं’ अगदी फिट बसतं. सरकार, संघ, संस्था यांच्या बातमीत ‘नामुष्की ओढवली’ किंवा ‘नाचक्की झाली’ लिहा. ५०३वाल्यांच्या गळतीला ‘नामुष्की’ फार जड होते.

इंग्रजीत लिहिताना आपल्या लोकांच्या हातून ठरावीक चुका होतात. ‘ईट अ हम्बल पाय’ नाही, ‘ईट हम्बल पाय’. ‘ईट द क्रो’ही नाही. ‘लॉस्ट हिज फेस’ नाही, नुसतं ‘लॉस्ट फेस’. मध्ये ‘हिज’ घातलं तर खराखुरा चेहरा हरवल्यासारखं वाटतं. अंड्याला मात्र ‘हिज’, ‘अवर’, ‘माय’ यांपैकी काहीतरी लागतंच.

कोणाला लिहिताय तेही बघा. हम्बल पाय स्वतःच्या ताटात वाढायचा असतो. ग्राहकाला किंवा साहेबांना “यू विल हॅव टु ईट हम्बल पाय” लिहिलं, तर तो सरळ टोमणा आहे. टीममधल्या सहकाऱ्याला “एग ऑन माय फेस, टेस्ट सर्व्हरचा आकडा मी चुकीचा सांगितला” चालून जातं. पण समोरच्याचं खरं नुकसान झालं असेल, पैसे अडकले असतील किंवा रात्रभर सिस्टिम बंद राहिली असेल, तर पाय, कावळा, अंडं सगळं बाजूला ठेवा. पहिल्या ओळीत “वी वेअर राँग”, दुसऱ्या ओळीत काय चुकलं, तिसऱ्यात किती वाजेपर्यंत दुरुस्त होणार.