कंपनीचा सातबारा फुकट बघता येतो, मी सहा लाख अडकल्यावर बघितला

एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या, साइटवर इंडेक्स ऑफ चार्जेस (चार्ज म्हणजे बोजा) म्हणून एक सोय आहे, तिचा हा रिव्ह्यू. कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी नंबर, टाकायचा की त्या कंपनीच्या मालमत्तेवर कोणाकोणाचा बोजा आहे त्याची यादी समोर येते, एक पैसा लागत नाही. शेतजमीन घेताना आपण सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का ते बघतो ना, तसंच समजा, फक्त कंपनीचं. गावाकडं दहा गुंठे घ्यायचे म्हटले तरी आमचे बाबा तलाठ्याकडं चार चकरा मारतात, आणि मी इथं भोसरीत बसून ६० दिवसांच्या उधारीवर माल सोडत होतो आणि हे एक पान कधी उघडून बघितलं नव्हतं.

माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं) आणि एक म्हातारी लेथ, जिग-फिक्स्चर करून देतो, म्हणजे काम करताना पार्ट नेमका धरून ठेवणारे साचे. एक जुनं गिऱ्हाईक होतं, कंपनीचं नाव घेत नाही. त्यांचं पेमेंट ६० दिवसांचं ९० झालं, मग १५०, आणि फोन केला की परचेसचे साहेब म्हणणार, "अहो तुमचे पैसे कुठं पळून जातायत, डायरेक्टर साहेबांनी स्वतःच्या खिशातनं पैसे घातलेत कंपनीत." हे ऐकून मला खरंच बरं वाटायचं, मालकानं स्वतःचे पैसे घातलेत म्हणजे मालकाला भरवसा आहे असा माझा हिशोब, आणि त्या हिशोबावर मी अजून दोन ऑर्डरी उधार दिल्या. एकूण अडकले ६ लाख ४० हजार.

२०२३ मध्ये पेपरात जाहीर सूचना आली, बँकेनं त्यांना एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या कोर्टात, नेलं होतं. मी एकट्यानं नेऊच शकलो नसतो कारण २४ मार्च २०२० पासून त्याला किमान एक कोटीची थकबाकी लागते, आधी एक लाखावर चालायचं. म्हणजे माझ्यासारख्यानं बँकेच्या गाडीला लटकायचं. तर ती सूचना घेऊन मी आमच्या ओळखीतल्या एका सीएस (कंपनी सेक्रेटरी) ताईंकडं गेलो, क्लेमचा फॉर्म बी भरायला. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि आधी हा इंडेक्स उघडला.

तीन ओळी होत्या. पहिली बँकेची, फिटलेली, सॅटिस्फॅक्शनची तारीख पडलेली. दुसरी पण बँकेची, स्टॉक आणि येण्यावर. तिसऱ्या ओळीत चार्ज होल्डर म्हणून एका माणसाचं नाव, रक्कम १ कोटी १० लाख. ताई म्हणाल्या, "नाव ओळखीचं वाटतंय का दादा?" मग त्यांनी त्याच साइटवर कंपनीचा मास्टर डेटा उघडला, त्यात डायरेक्टरांची यादी असते, आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. तोच माणूस, आमचे डायरेक्टर साहेब. चार्जची तारीख केस सुरू व्हायच्या आठ महिने आधीची.

पुढं १०० रुपये भरले की कंपनीची फाइल केलेली कागदपत्रं बघायला मिळतात, ते पण केलं. त्या चार्जच्या फॉर्मला, सीएचजी-१ म्हणतात त्याला, हायपोथिकेशनचा (ताबा न देता गहाण ठेवण्याचा) करार जोडलेला असतो आणि कराराच्या शेवटी शेड्यूल, म्हणजे गहाण काय काय ठेवलंय त्याची यादी. मशिनं होती, सिरियल नंबरसकट. आणि शेवटच्या पानावर खाली, जिग्ज अँड फिक्स्चर्स, ३४ नग, ड्रॉइंग नंबर दिलेले. मी मोबाइलवर माझी चलनं काढून एकेक नंबर लावत बसलो. ३४ पैकी २२ माझे निघाले. मी उधार दिलेलं, बिल न भरलेलं फिक्स्चर साहेबांनी स्वतःच्या कर्जाला तारण म्हणून स्वतःकडंच लावून घेतलं होतं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते मी १०० रुपयांत पीडीएफमध्ये बघितलं.

आता मला वाटलं हा सरळ फ्रॉड आहे. ताई म्हणाल्या थांबा, डायरेक्टरनी स्वतःच्या कंपनीला कर्ज देणं आणि त्याला तारण घेणं हा काही गुन्हा नाही. ही भानगड लंडनच्या सॉलोमन नावाच्या बूटवाल्यापासून चालत आलीय, त्यानं १८९२ मध्ये आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला आणि किमतीतल्या १०,००० पौंडांचे तारणवाले डिबेंचर, म्हणजे कंपनीचे कर्जरोखे, घेतले, पुढं कंपनी बुडाली, उधारीवाले बोंबलत राहिले आणि वरच्या कोर्टानं, हाउस ऑफ लॉर्ड्सनं, निकाल दिला सॉलोमनच्या बाजूनं. कंपनी वेगळी, माणूस वेगळा. आजपण कॉमर्स-लॉच्या पोरांना पहिल्या वर्गात हीच केस शिकवतात म्हणे, म्हणजे आपल्याला बुडवायचं तिथंच शिकवून ठेवतात (हे माझं मत, ताईंचं नाही).

पण आपल्याकडं आयबीसीत, म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्यात, कलम ४३ आहे आणि खरी गंमत तिथं आहे. जुन्या कर्जाला मागाहून तारण देऊन एखाद्याला रांगेत पुढं बसवलं तर ती प्रेफरन्स, आणि तो माणूस आतला असेल, डायरेक्टर किंवा त्याचा नातेवाईक वगैरे, तर मागची दोन वर्षं तपासतात, बाहेरच्याला एकच वर्ष. जेपी इन्फ्राटेकच्या केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टानं याच कलमाखाली जमिनींची गहाणखतं उडवली, आणि तिथं पलीकडं बँका होत्या. आमच्या साहेबांचे ७० लाख तीन वर्षांपूर्वीचे होते, तारण आत्ताचं, तो भाग अडचणीत. उरलेले ४० लाख मात्र करार झाला त्याच दिवशी नव्यानं बँकेतनं आलेले, आणि नव्या पैशाला नवीन तारण याकडं कायदा वेगळ्या नजरेनं बघतो. म्हणजे माणूस पूर्ण चोर नाही आणि पूर्ण साव पण नाही, आणि मला हे मान्य करायला दोन दिवस लागले. आरपींनी, म्हणजे केस चालू असताना कंपनी सांभाळायला नेमलेल्या माणसानं, त्या तारणाविरुद्ध अर्ज टाकलाय. क्रेडिटर्सच्या कमिटीत साहेबांना मत पण नाही, आतल्या माणसाला तिथं बसताच येत नाही.

मग मी खूश होऊन विचारलं की बोजा उडाला तर माझे पैसे? ताईंनी कागदावर कलम ५३ ची, म्हणजे कोणाला आधी पैसे मिळणार त्याची, उतरंड काढून दाखवली. वर केसचा खर्च, मग कामगारांचे २४ महिने आणि तारणवाले, मग स्टाफचा पगार, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकार, आणि त्याच्या खाली उरलेले सगळे, त्यात मी. बोजा उडाला तरी साहेब बिनतारणी कर्ज देणाऱ्यांत बसणार, म्हणजे माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वरच! अमेरिकेत म्हणे १९३९ पासून कोर्ट आतल्या माणसाचा क्लेम ढकलून सगळ्यांच्या मागं टाकू शकतं, लिटन नावाच्या कोळसा कंपनीवाल्यानं स्वतःच्या जुन्या पगारापोटी कंपनीच्या मालमत्तेवर हात टाकला होता तिथनं ते सुरू झालं. आपल्या ५३ मध्ये तसं काही नाही. मी तो कागद घडी घालून खिशात टाकला आणि खाली जाऊन चहा प्यायलो, पैसे ताईंनी दिले.

बरं, रिव्ह्यूकडं येतो. वापरायला पाच मिनिटांचं काम आहे, सीआयएन बिलावर किंवा लेटरहेडवर छापलेला असतोच. यादीत बोजा टाकल्याची तारीख, बदलल्याची तारीख, फिटल्याची तारीख, रक्कम आणि कोणाचा ते सगळं येतं. पण दोन गोष्टी समजून घ्या. एक, रक्कम दिसते ती किती रकमेसाठी बोजा टाकला ती, आज किती बाकी आहे ती नाही, त्यामुळं पाच कोटी बघून लगेच छातीत धस्स होऊ देऊ नका. दुसरं, चार्ज होल्डर हा कंपनीचा कोण लागतो हे साइट सांगत नाही, ते तुम्हालाच डायरेक्टरांच्या यादीशी ताडून बघायचं, आणि बायकोच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावानं असेल तर आडनावावरनं अंदाज बांधायचा. आणि रजिस्टर होतं तेवढंच दिसतं. चार्ज ३० दिवसांत नोंदवायचा असतो, उशीर झाला तर जास्त फी भरून पुढं थोडी मुदत मिळते, त्यामुळं काल टाकलेला बोजा आज दिसेलच असं नाही. उलट न नोंदवलेला बोजा लिक्विडेटर (बुडालेली कंपनी विकून पैसे वाटणारा) धरत नाही, म्हणून तर आमच्या साहेबांनी इमानदारीत सगळं शेड्यूल लावून नोंदवला, नाहीतर मला हे २२ नंबर कुठं दिसले असते.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो या आडनावाच्या अंदाजासाठी.

गेल्या महिन्यात चाकणची एक नवीन पार्टी आली, गोड बोलणारी, ९० दिवस क्रेडिट मागत होती. मी म्हटलं बसा, चहा सांगतो, आणि चहा येईपर्यंत मोबाइलवर इंडेक्स उघडला. एकच ओळ, बँकेची, सहा वर्षं जुनी. ३० दिवस दिले, फिक्स्चरला अर्धे ॲडव्हान्स घेतले. ते म्हणाले, "एवढा काय अविश्वास शेठ?" मी म्हटलं अविश्वास नाही, फिक्स्चर जरा महाग पडतात आमची.