विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन (1957): शेवटाची हिंट आधीच दिली तर कोर्टरूम पिक्चरची मजा जाते का?

शेवट सांगणार नाहीये, निर्धास्त वाचा. पिक्चर संपताना एक आवाज येतो आणि प्रेक्षकांना विनंती करतो की ज्यांनी अजून बघितला नाही त्यांना शेवट सांगू नका, आणि दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या ह्या पिक्चरला तो मान मिळायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या नाशिकच्या ग्रुपमध्ये निम्मे लोक सीबीएस बस स्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करणारे, बाकीचे नाटकवेडे, कालिदास नाट्यगृहात चांगलं नाटक लागलं की हातातली कामं टाकून जाणारे. पिक्चर बघून झाल्यावर त्यातल्याच एकाने सुरुवात केली की "अर्ध्यातच वास आला होता राव, एवढ्या हिंट कशाला द्यायच्या, सगळा क्लायमॅक्स ढिला पडतो". त्यावरून जो वाद पेटला तो रात्री उशिरापर्यंत, आणि मला त्याचं म्हणणं अजिबात पटलेलं नाहीये म्हणून हे एवढं लिहितोय.

थोडक्यात गोष्ट. लंडन. एका पैसेवाल्या विधवा बाईचा खून झालाय, मृत्यूपत्रात तिने लिओनार्ड व्होल नावाच्या माणसाला भरपूर पैसे ठेवलेत, त्यामुळे संशय सरळ त्याच्यावर (टायरन पॉवर). त्याची केस घेतात वकील सर विल्फ्रिड (चार्ल्स लॉटन), जे नुकतेच हार्ट अटॅकमधून उठलेत आणि डॉक्टरांनी फौजदारी केसेस बंद करायला सांगितल्यात. खुनाच्या वेळी लिओनार्ड घरी होता हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती, त्याची बायको ख्रिस्तीन. ते काम मार्लिन डीट्रिशने केलंय आणि काय केलंय! मूळ गोष्ट अगाथा ख्रिस्तीची, आधी कथा, मग 1953 मध्ये नाटक, मग हा पिक्चर.

आता बघा, सगळ्यात मोठी हिंट तर नावातच आहे. विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन, म्हणजे सरकारी पक्षाचा साक्षीदार. तिकीट काढतानाच प्रेक्षकाला कळतं की कोणीतरी अनपेक्षित माणूस सरकारी बाजूने उभा राहणार. तरी कोर्टात ते नाव पुकारलं जातं तेव्हा अंगावर काटा येतो, कारण कोणीतरी येणार हे माहीत असतं पण ते नाव ऐकल्यावर सर विल्फ्रिडचा चेहरा कसा होईल ते माहीत नसतं, आणि आपण बघायला बसलेलो असतो तो चेहरा. मला वाटतं वाद इथेच मिटायला हवा होता.

पण मला जो सीन परत परत बघावासा वाटतो तो सुरुवातीचा आहे, मोनोकलचा. सर विल्फ्रिड समोरच्याला खिडकीसमोर बसवतात, एका डोळ्याची ती काच धरून उन्हाची तिरीप त्याच्या तोंडावर पाडतात आणि प्रश्न विचारत जातात, खोटं बोलणारा माणूस चुळबुळतो असा त्यांचा हिशोब. लिओनार्डवर ते करतात, तो शांतपणे, डोळ्यात डोळे घालून उत्तरं देतो. नंतर ख्रिस्तीनवर करायला जातात तर ती सरळ उठून पडदा ओढते आणि तिरीप बंद. बस्स, एवढंच. त्या वेळी आपल्याला वाटतं बाई खमकी आहे. पिक्चर पूर्ण बघून झाला की हाच सीन परत लावा, प्रत्येक नजरेचा अर्थ बदललेला असतो, आणि दिग्दर्शकाने काही म्हणजे काही लपवलेलं नसतं, सगळं भर उजेडात आपल्यासमोर ठेवलेलं असतं.

कोर्टरूम ड्रामामध्ये हे जास्तच गरजेचं आहे असं मला वाटतं. मारामारीच्या पिक्चरमध्ये शेवटी अचानक कोणी आलं तर चालून जातं. इथे प्रेक्षक स्वतः निकाल द्यायला बसलेला असतो, मग पुरावा त्याच्यापुढे आधी यायला नको का? ग्रुपमधले एक सिनियर वकीलसाहेब म्हणाले, "आपल्याकडे पोलिसांच्या रिपोर्टची आणि जबाबांची कॉपी आरोपीला आधी द्यावीच लागते, पूर्वी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम 207 होतं, आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, 230. शेवटच्या तारखेला दार उघडून कोणीतरी आत येतो आणि केस फिरते हे पिक्चरवाल्यांचं." मला हे फार आवडलं. खरं कोर्ट जर आरोपीला अंधारात ठेवत नाही तर पिक्चरने प्रेक्षकाला का ठेवावं?

पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार मित्र आहेत, त्यांनी तर एका वाक्यात सांगितलं. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड धरायला लागतो, डोळ्याला काही दिसत नाही, ऑक्टोबर छाटणी झाली की तोच बाहेर फुटतो, एप्रिलचं चुकलं तर ऑक्टोबरला कितीही धावपळ करा, घड येत नाही. क्लायमॅक्सचंही असंच आहे, तो आधीच्या तासाभरात धरलेला पाहिजे.

आपल्या मराठीत तर ह्याचं एवढं मोठं उदाहरण आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', 1967 सालचं. सुरुवातीलाच नायिका बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत सापडतं, ती कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकतं हेही सांगितलं जातं, सगळं अगदी सहज, गप्पांमध्ये. नंतर खेळ म्हणून त्यांच्यावर चालवलेला खोटा खटला खराखुरा अंगावर यायला लागतो, बाई निघून जायला बघतात आणि दार उघडत नाही. ज्याला कडी आठवते त्याचा जीव जास्त घुसमटतो, कमी नाही.

मग हिंट नडते कधी? नडते ना. हल्ली ओटीटीवर बऱ्याच कोर्टरूम सिरीजमध्ये वस्तू टेबलावर ठेवली की कॅमेरा तिच्यावर जाऊन थांबतो, मागे ढॅण् करून म्युझिक, म्हणजे प्रेक्षकाला बोट धरून दाखवायचं की बघ बघ हे नंतर लागणार आहे. ती हिंट नाही, घोषणा आहे. वाइल्डर काय करतो, तुमचं लक्ष दुसऱ्या कामाला लावतो. सर विल्फ्रिड आणि त्यांची नर्स (एल्सा लँकेस्टर, लॉटनची खऱ्या आयुष्यातली बायको) ह्यांची चोरून ब्रँडी पिण्यावरून जी जुंपते त्याला आपण हसत असतो आणि तेवढ्यात कामाची गोष्ट समोरून निघून जाते. खून झालेल्या बाईच्या मोलकरणीच्या उलटतपासणीतही तसंच, सर विल्फ्रिड हळूहळू आवाज खाली आणतात आणि तिला नीट ऐकू येतं का ह्याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

तक्रार आहे एक. मधल्या एका सीनमध्ये हिंट जरा जास्तच झालीये, तिथे ज्याची नजर तीक्ष्ण आहे त्याला खटकणारच, आमच्या मित्राला वास आला तो तिथेच. कुठला सीन ते लिहीत नाही. पण निकालानंतर सर विल्फ्रिड एकटेच अस्वस्थ बसतात, सगळं फारच नीटनेटकं जुळून आलंय म्हणतात, ती जागा मात्र काढा असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन, कारण त्या दोन मिनिटांशिवाय पुढचं सगळं आभाळातून पडल्यासारखं झालं असतं, आणि केस जिंकूनही हा माणूस खूश नाही ह्यातच त्याचं मोठेपण दिसतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ब्लॅक अँड व्हाइट आहे, 116 मिनिटं, इंग्रजी भराभर बोलतात त्यामुळे सबटायटल लावाच. घरच्या मोठ्यांबरोबर आरामात बघता येतो. ट्रेलर आणि विकिपीडिया दोन्ही टाळा, आणि बघून झाल्यावर मोनोकलचा सीन परत लावायला विसरू नका.