ह्यांची पेन्शन, न्यू जर्सी आणि जीवन प्रमाण ॲप : वर्षभर वापरल्यावर

ह्यांची केंद्र सरकारची पेन्शन आहे, वय ८१, आणि आम्ही आता मुलाकडे न्यू जर्सीत कायमचेच, ग्रीन कार्डवर. जीवन प्रमाणचं, म्हणजे पेन्शनसाठी दरवर्षी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचं, चेहरावालं ॲप आम्ही गेल्या वर्षापासून वापरतोय, म्हणजे वापरते मीच, हे नुसते समोर बसतात. ज्यांचे आईवडील असे इकडे येऊन राहिलेत त्यांच्यासाठी लिहिते.

जीवन प्रमाण तसं २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं पण तेव्हा बोटांचे ठसे लागायचे, ते मशीन इकडे कुठून आणणार, आणि ह्या वयात ठसे उमटतात तरी कुठे. त्यामुळे आमचा सगळा कारभार कागदावर, फॉर्म प्रिंट करा, हे हयात आहेत म्हणून कोणा अधिकाऱ्याची सही घ्या, कुरियर करा, आणि मग आमची बँक म्हणणार ही सही कोणाची, कॉन्सुलेटचीच आणा. नियमाने नोटरीचीही चालते, पण ते काउंटरवरच्या माणसाला पटवायला फोन करायचा तर त्यांचे सकाळचे साडेदहा म्हणजे हिवाळ्यात आमचे रात्रीचे बारा. तीस नोव्हेंबर हुकली की डिसेंबरपासून पेन्शन बंद. दाखला पोचला की थकलेली मिळते म्हणा, पण तोवर जीव टांगणीला.

२०२१ पासून चेहऱ्यावर काम होतं. ॲप दोन लागतात, एक आधार फेस आरडी आणि एक जीवन प्रमाण. आधी ऑपरेटर, म्हणजे ॲप हाताळणारा, म्हणून कोणाचं तरी आधार आणि चेहरा द्यायचा, तो पेन्शनर स्वतः असला तरी चालतो, आमच्याकडे ती मी. मग ह्यांचं आधार, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा), खातं वगैरे भरायचं आणि चेहरा. डोळे मिचकवा म्हटलं की हे दोन्ही घट्ट मिटून बसतात, तेवढी करमणूक होते. खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागून उजेड नको. पेन्शन देणारी बँक निवडताना नीट बघा, चुकीची निवडली तर दाखला तयार होऊनही नामंजूर होतो. आणि ऐंशीच्या वरच्यांना एक ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची वाट कशाला बघायची. ॲपबद्दल माझी तक्रार नाही.

खरा जीव आहे तो भारतातल्या सिममध्ये. आधारचा एसएमएस परदेशी नंबरवर येत नाही, बँकेचा ओटीपीही आमच्या जुन्याच नंबरवर. आणि सिम तीन महिने वापरलंच नाही, बॅलन्सही नाही, तर कंपनी ते बंद करून नंबर पुढे दुसऱ्याला देऊ शकते. मग नवीन नंबर आधारला जोडायची खटपट वेगळीच. त्यामुळे रिचार्जची तारीख मी औषधांच्या डब्यावर चिकटवली आहे, इंटरनॅशनल रोमिंग निघतानाच चालू करून घेतलं होतं. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नाही.

आता बँक. परदेशी स्थायिक झालं की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करावं लागतं, पेन्शन त्यातच येऊ शकते. आमच्या शाखेला हे माहीतच नव्हतं, एकजण म्हणाला पेन्शनचं खातं बदलता येत नाही, दुसरा म्हणाला नवीनच उघडा, शेवटी मुलाने वरच्या ऑफिसला मेल टाकला तेव्हा हललं. पण एनआरओ झालं की व्याजावर थेट ३० टक्के टीडीएस, वर सेस. टीडीएस कापू नका असं बँकेला सांगायचा ज्येष्ठांचा फॉर्म, ज्याला १५एच म्हणत आले, तो भरून हे थांबवता येत नाही, तो फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी. ज्येष्ठांना व्याजावर पन्नास हजारांची सूट असते तीही अनिवासींना नाही. कापलेला जास्तीचा टॅक्स परत हवा तर रिटर्न भरा, आम्ही पुण्याच्या सीएकडून भरून घेतो, त्याची फी वजा जाऊनही परवडतं.

आणि अमेरिकेत असाल तर एफबार, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांची तिथल्या सरकारला द्यायची माहिती. भारतातली सगळी खाती, एफडी धरून, वर्षात कधीही मिळून दहा हजार डॉलरच्या वर गेली की कळवावं लागतं. म्हणजे साधारण नऊ लाख रुपये, एवढे तर रिटायर माणसाच्या एफडीत असतातच. टॅक्स नाही, नुसती माहिती, पण न देण्याचा दंड भारी आहे. मुदत १५ एप्रिल, ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. मुलं स्वतःचा भरतात आणि आईबाबांचा राहून जातो, जॉइंट खात्यात नाव असलं तर आईलाही तो लागू होतो, तेवढं त्यांना विचारा.