पोस्टग्रेस्ट लावू की एपीआय स्वतः लिहू?

बडोद्यात दांडिया बाजारात मामेभावाचं पुस्तकांचं दुकान आहे, सगळा स्टॉक पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, आता तो ॲपवर दाखवायचाय, म्हणजे ॲप आणि डेटाबेसला जोडणारा एपीआय हवा, तर पोस्टग्रेस्ट (पोस्टग्रेसवरून आपोआप एपीआय बनवणारा प्रोग्रॅम) लावू की फ्लास्कमध्ये (पायथनची वेब लायब्ररी) स्वतः लिहू, असं विचारत होता.

मेहनत बघाल तर पोस्टग्रेस्टला तोड नाही, एकच फाइल चालवायची, डेटाबेसचा पत्ता आणि रोल द्यायचा की ३००० पोर्टवर परवानगी असलेलं प्रत्येक टेबल हजर, फिल्टर-सॉर्टिंग यूआरएलमधूनच. फ्लास्कमध्ये तेच टेबलागणिक हाताने लिहायचं. फुकट दोन्ही.

खरी गोम सुरक्षेत आहे. पोस्टग्रेस्टमध्ये कोणी काय बघायचं ते डेटाबेसचे रोल (परवानग्या असलेली खाती) ठरवतात, ग्राहकांच्या टेबलावर अनॉनिमस रोलला, म्हणजे लॉगिन न केलेल्या कोणालाही, सिलेक्ट (वाचायची परवानगी) दिलं आणि रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचे नियम) चालू केली नाही तर सगळ्यांचे फोन नंबर उघडे पडतात, म्हणून पुस्तकाचं नाव, किंमत, शिल्लक एवढाच व्ह्यू (टेबलातले निवडक कॉलम दाखवणारी क्वेरी) बनवा आणि तेवढाच दाखवा. फ्लास्कमध्ये तपासणी कोडात समोर दिसते, पण बाहेरून आलेला मजकूर क्वेरीत स्ट्रिंगा जोडून घालू नका, तो वेगळा पॅरामीटर म्हणूनच द्या, नाहीतर इंजेक्शन, म्हणजे कोणीतरी त्या मजकुरातून स्वतःची क्वेरी घुसवणं, झालंच समजा. आणि हो, टेबलांच्या रचनेत बदल केलात की पोस्टग्रेस्टचा स्कीमा (त्याने लक्षात ठेवलेली डेटाबेसची रचना) रीलोड करा, नाहीतर तो जुनीच रचना धरून चालतो.

नुसता स्टॉक दाखवायचा तर पोस्टग्रेस्टच, मामेभावाला मी तेच सांगितलं. ऑर्डर घेऊन पेमेंट, एसएमएस वगैरे करायचं असेल तर मात्र फ्लास्क.