विषय आधी कुणी केलाय का? शोधगंगा की गूगल स्कॉलर

पीएचडीचा विषय ठरवताना मार्गदर्शक ग्रंथपालाला हमखास विचारतात, ‘यावर आधी कुणी काम केलंय का बघा.’ भारतीय विद्यापीठांपुरता प्रश्न असेल, तर आधी शोधगंगाच उघडावी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये मिळतो, त्यामुळे थेट संदर्भसूचीची फाईल उघडता येते. नव्या प्राध्यापकाला ती सूची म्हणजे आयती वाट.

पण शोध घेताना डोकं लावावं लागतं. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, तीही ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने. ‘ग्रामीण’ रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे टाकून बघावं. पानं स्कॅन केलेली असली तर आतला मजकूर सापडतच नाही. अनुभवी ग्रंथपाल इथे विभाग आणि मार्गदर्शकाच्या नावानेही चाळतो. ‘काही नाही मिळालं’ हे उत्तर त्यानंतरच खरं मानावं.

२००४ साली सुरू झालेलं गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचा संशोधन-साहित्याचा शोध, लेखांसाठी सरस. एका लेखाखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक केलं की त्या लेखाचा संदर्भ देणारं पुढचं काम दिसतं, शोधगंगेत ही सोय नाही. मात्र दर्जाची चाळणी तिथे नाही, पैसे घेऊन काहीही छापणारी भुरटी जर्नल्सही त्याच रांगेत उभी असतात. सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ आहे, ते फारच थोडे वापरतात. ग्रंथालयाने नोंदणी केली असेल, तर वर्गणीच्या लेखाशेजारीच आपल्या ग्रंथालयाचा दुवा दिसतो.

आराखडा लिहिताना शोधगंगा, प्रकरणं लिहिताना स्कॉलर, असा माझा सल्ला.