चोकेकिराओ : चार दिवसांचं पॅकेज घेऊ नका, पाच दिवस मागा

मे महिन्याच्या शेवटी मी आणि माझी वहिनी पेरूमधल्या चोकेकिराओला जाऊन आलो. माचू पिचूसारखंच हेही इंका लोकांनी बांधलेलं डोंगरातलं जुनं शहर, पण इथे ना रेल्वे जाते ना बस. पायी जायचं आणि पायीच परत यायचं. कुस्कोमधल्या एका छोट्या कंपनीकडून आम्ही चार दिवसांचं पॅकेज घेतलं होतं. गाइड, स्वयंपाकी, खेचरवाला, तीन खेचरं, तंबू आणि जेवण असं सगळं त्यात धरून.

वाटेचं गणित समजलं की बाकीचं आपोआप समजेल. कापुलियोकला, जिथे गाडीरस्ता संपतो, तिथे तुम्ही साधारण २,९०० मीटरवर असता. तिथून आपुरिमाक नदीपर्यंत १,४०० मीटर खाली उतरायचं, झुलता पूल ओलांडायचा आणि पलीकडे जवळपास तेवढंच पुन्हा चढायचं. मारामपाता नावाची दोन-चार घरांची वस्ती लागते, तिथून पुढे दीड-दोन तासांवर चोकेकिराओ, ३,०५० मीटरवर. परतताना हेच सगळं उलट. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर होतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेल्यांनाही हे नवीन वाटेल, कारण आपल्याकडे आधी चढ आणि परतताना उतार असतो. इथे घरी परतायच्या वाटेवरही जवळपास तेवढाच मोठा चढ उभा असतो.

कंपनीची पहिली चूक पहिल्याच सकाळी झाली. पहाटे चारला येणारी गाडी साडेपाचला आली. कुस्कोहून काचोरामार्गे कापुलियोकला पोहोचायला चार-साडेचार तास लागतात, त्यामुळे उतरायला सुरुवात केली तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. दरी कोरडी आहे. निवडुंग आणि काटेरी झुडपं, सावली जवळजवळ नाहीच. जसजसं खाली जावं तसतसा उकाडा वाढतो. चिकिस्काच्या तळावर पोहोचेपर्यंत वहिनींचे गुडघे बोलायला लागले होते आणि आम्हा दोघींचं पाणी संपलं होतं. दीड तासाचा हा उशीर शहरात काहीच नसतो, या वाटेवर तो फार महाग पडतो.

जेवणाबद्दलही सांगायला हवं. आम्ही शाकाहारी आहोत हे दोनदा लेखी कळवलं होतं, तरी पहिल्या दुपारी ताटात ट्यूना आला. स्वयंपाक्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याला समजल्यावर मात्र त्या माणसाने मनापासून केलं. कीन्वाचं सूप, मसूर, बटाटे, भात, आणि संध्याकाळी तंबूपाशी कोकाच्या पानांचा गरम चहा. म्हणून माझी तक्रार ऑफिसबद्दल आहे, त्याच्याबद्दल नाही.

खेचरवाल्याबद्दल मी कितीही लिहीन. पन्नाशीचा, कमी बोलणारा. रोज सकाळी ओझं लादण्याआधी तो आपला पोंचो खेचराच्या डोळ्यांवरून गुंडाळायचा. दिसेनासं झालं की ते जनावर स्तब्ध उभं राहायचं. मग दोन्ही बाजूंचं वजन हाताने तोलून बघायचा, दोर पोटाखालून घ्यायचा, गुडघा पोत्याला टेकवून गाठ ओढायचा, आणि सगळं झाल्यावर डोळ्यांवरचं कापड काढताना खेचराच्या कपाळावरून एकदा हात फिरवायचा. चारही सकाळी हे बघायला मी लवकर उठून बसले. त्याने पहिल्याच दिवशी खुणेने शिकवलेली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी : मागून खेचरं आली की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवरून पहाटे चारला निघालो, हेडलॅम्प लावून. हा निर्णय गाइडचा आणि तो अगदी बरोबर. ऊन आलं तेव्हा चढावरचा सांता रोसा हा तळ मागे पडला होता.

मग दुपारी अडीचला आम्ही प्रत्येकी ६० सोलचं (सोल म्हणजे पेरूचं चलन) तिकीट काढून आत शिरलो आणि गाइडने सांगितलं की उद्या सकाळी सहाला परतीला लागायचंय. म्हणजे दोन दिवस चालून हातात एक दुपार! माझी खरी तक्रार हीच आहे. पॅकेजच्या कागदावर 'दुसरा दिवस : चोकेकिराओ' एवढंच छापलेलं असतं, त्यात तास किती हे कुठेच नसतं.

ही जागा एका दुपारी होत नाही. मुख्य चौक, वरची वस्ती, पाण्याचे पाट, माथा कापून सपाट केलेली टेकडी हे सगळं एका धारेवर पसरलंय, आणि बराचसा भाग अजून झाडीखालीच आहे. माचू पिचूच्या आधी दोन वर्षं, १९०९ मध्ये, माचू पिचू जगापुढे आणणारा अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम इथे येऊन गेला होता. दगडही वेगळा आहे. माचू पिचूचा ग्रॅनाइट घासून सांधा मिळवता येतो, इथला थराथरांचा दगड तसा घासता येत नाही. म्हणून भिंती मातीत बसवलेल्या लहान दगडांच्या, पण दारं आणि कोनाडे दुहेरी चौकटीचे, महत्त्वाच्या इंका वास्तूत असतात तसे.

वहिनी चौकात बसूनच म्हणाल्या, "अगं, विचार तर त्यांना. एक दिवस जास्त थांबलं तर काय बिघडतंय?" विचारलं. खेचरवाल्याने गवताकडे बघून मान हलवली, स्वयंपाक्याने डबे मोजले, गाइडने मारामपात्यावरून फोन केला. जास्तीचे पैसे द्यावे लागले, आम्ही दिले.

त्या जादा दिवसात आम्ही लामांच्या पायऱ्यांवर गेलो. लामा म्हणजे इथला उंटाच्या जातीचा, ओझं वाहणारा प्राणी. शेतीसाठी बांधलेल्या उभ्या पायऱ्यांच्या करड्या भिंतीत पांढऱ्या दगडांनी लामा रेखलेत, वीसहून जास्त, आणि सगळ्यात वर नागमोडी पांढरा पट्टा. झाडीत दडलेल्या या भिंती या शतकाच्या सुरुवातीला मोकळ्या झाल्या. जायला पाऊण तास तीव्र उतार, परत यायला आम्हाला दीड तास लागला. चार दिवसांच्या पॅकेजमध्ये हे बहुतेकांचं सुटतं. जवळून बघताना चित्र दिसतच नाही, नुसते पांढरे दगड दिसतात. समोरच्या लाकडी मचाणावर जाऊन उभी राहिले तेव्हा एका लामाची मान, पाठ आणि चार पाय एकदम जुळून आले. मी वहिनींना हाक मारली आणि मला पुढे बोलताच येईना.

जाणाऱ्यांनी लांब बाह्या आणि पूर्ण पँट घालाच. बारीक माश्या चावतात, कळतही नाही, मग रक्ताचा लाल ठिपका उठतो आणि आठवडाभर खाज. रोख सोल जवळ ठेवा. मे ते सप्टेंबर कोरडे महिने, तेव्हाच जा. खेचरवाल्याची बक्षिसी वेगळी काढून त्याच्याच हातात द्या.

कंपनीला पाचपैकी तीन. गाइड, स्वयंपाकी आणि खेचरवाला यांना पाचपैकी पाच. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा, चोकेकिराओच्या आत किती तास मिळणार, आणि उत्तर लेखी घ्या.