हँड पॅलेट ट्रक आठ महिने वापरून: खांदा सुटला, वाकणं काही सुटलं नाही

आधीच सांगतो, आमचं काही मोठं वेअरहाऊस वगैरे नाहीये. एक गोडाऊन, त्यात गोण्या, खोकी, ड्रम असा सगळा मिक्स माल, माणसं सहा, आणि आठ महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं एकतर खांद्यावर नाहीतर त्या दोन चाकी ट्रॉलीवर जायचं. ट्रॉलीचं एक चाक कायम कुरकुरायचं आणि वळणावर वरची गोणी हमखास खाली. मग एकदाची हँड पॅलेट घेतली, अडीच टनवाली, म्हणजे माल रचलेली लाकडी पाटी (पॅलेट) खालून दोन लांब पात्यांनी (फोर्क) जराशी उचलून हाताने न्यायची गाडी. पोरं तिला नुसतं जॅक म्हणतात म्हणून मीपण तेच लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या गाड्या बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, पंप आणि चाकं बघून घ्यायची असतात, स्टिकर बघून नाही.

माप असं: फोर्क ११५० मिमी लांब, दोन्ही मिळून बाहेरून ५५० रुंद, खाली टेकवला की ८५ मिमी उंच आणि पूर्ण पंप मारला की २००. म्हणजे उचलते किती, तर ११५ मिमी, साडेचार इंच फक्त! हा आकडा लक्षात ठेवा, माझी मेन तक्रार त्यावरच आहे, पण ती नंतर.

आधी चांगलं. एक टन माल एक माणूस हलवतो, आणि हे मी बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. सुटतानाच काय तो जोर लागतो, हँडल जरासं आडवं फिरवलं की पुढची चाकं वळतात, गाडी सुटते, आणि मग सपाट फरशीवर ती अशी जाते की तुम्हालाच तिच्या मागं जावं लागतं. आधी एक गाडी खाली करायला आमचा अख्खा दुपारचा वेळ जायचा आणि संध्याकाळी कुणी ना कुणी भिंतीला पाठ टेकून बसलेला असायचा, आता चहाच्या आत मोकळे होतो.

पण सुटलेली गाडी थांबवायची कशी? आमच्या मॉडेलला ब्रेक नाही. ब्रेकवाली मिळते, आणि आता घेणार असाल तर तीच घ्या. हजार किलो एकदा चालायला लागले की हँडल मागं ओढून जागच्या जागी थांबत नाहीत. पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाने ओढत आणली, समोर खोकं आडवं आलं म्हणून हा थांबला, गाडी नाही थांबली, फ्रेम थेट टाचेवर. सेफ्टी शूज होते पण त्यांची टोपी पुढं बोटांवर असते हो, टाचेला काय आहे, नुसतं कातडं. तेव्हापासून आमचा नियम, लांबचं अंतर ढकलत न्यायचं, ओढायचं फक्त जागेवर लावताना. ढकलताना पुढचं दिसत नसेल तर थप्पी जास्त उंच झालीये, उतरवा दोन थर.

उताराबद्दल तर विचारूच नका. दारात आमच्या छोटासा रॅम्प आहे, बघताना काहीच वाटत नाही, पण लोड असताना तो डोंगर होतो. माणूस कायम मालाच्या वरच्या बाजूला पाहिजे, चढताना पण आणि उतरताना पण, म्हणजे हातातून सुटली तरी गाडी तुमच्यापासून लांब पळेल, अंगावर येणार नाही. आणि जड लोड असेल तर रॅम्पवर जॅक न्यायचीच नाही, आम्ही तिथं अर्धा अर्धा करून नेतो, दोन फेऱ्या पडतात, पडू देत.

आता हँडल. त्यावर एक लिव्हर असतो, तीन पोझिशन, खाली दाबला की पंप चालू, मधे ठेवला की न्यूट्रल, वर ओढला की माल खाली येतो. चालताना न्यूट्रललाच ठेवायचा, नाहीतर प्रत्येक पावलाला हँडल पंपासारखं जड लागतं, आमच्या मामांनी पहिले दोन दिवस तसंच ओढलं आणि म्हणाले ही गाडी काय कामाची नाही. नाराजी एवढीच की लिव्हर वर ओढला की माल धाडकन बसतो. हळूहळू सोडायची सोय नीट नाहीये, बोटाने तोलून तोलून सोडायची सवय करावी लागते, आणि काचेचा नाहीतर द्रवाचा माल असेल तर त्या एका सेकंदात जीव वर येतो. हाफ स्टार इथंच कापला.

आता जे कुणीच आधी सांगत नाही ते. जॅक चांगली असून भागत नाही, पॅलेट तशी पाहिजे. फोर्कच्या टोकाला खाली छोटे रोलर असतात, पंप मारला की ते खाली दाबले जातात. पॅलेटला खालून पण फळ्या असतील आणि रोलर नेमका फळीवर आला तर फळी तडकते, खिळे निघतात, आणि तीच पॅलेट पुढच्या वेळी माल घेऊन वाकते. आमच्या पाच पॅलेट अशा गेल्या तेव्हा कळलं की आवाज कुठून येतोय. फोर्क पूर्ण आत घालायचा आणि रोलर दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आला का ते एकदा वाकून बघायचं, बस.

दुसरं त्याहून डेंजर. आमच्या काही पॅलेट १००० मिमीच्या आहेत आणि फोर्क ११५०. साधं गणित, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही. फोर्क आत घातला तर टोक पलीकडून अर्धा फूट बाहेर, आणि पलीकडं दुसरी पॅलेट चिकटून ठेवलेली. पंप मारला तर आमची पॅलेट उचललीच, पण मागच्या पॅलेटची एक कड पण उचलली. मी बाजूला उभा होतो, मागच्या थप्पीतली वरची गोणी हळूच, अगदी हळूच पुढं कलायला लागली, आणि पंप मारणाऱ्याला ती दिसतच नव्हती कारण त्याच्या समोर त्याचाच माल. ओरडलो, त्याने लिव्हर वर ओढला, गोणी पडली पण रिकाम्या जागेत. तेव्हापासून फोर्कवर पिवळी चिकटपट्टी मारलीये हजार मिमीला, या छोट्या पॅलेटमधे त्याच्या पुढं आत घालायचं नाही. चिकटपट्टी दोन महिन्यांनी घासून जाते, परत मारायची.

चाकं. आम्ही आधी नायलॉनची घेतली कारण जड लोडला ती हलकी चालतात म्हणून सांगितलं गेलं, ते खरंच आहे, पण आवाज असा की आत कुणाला हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि हाक ऐकू न येणं हे गोडाऊनमधे गंमत नाही. शिवाय फरशीवर ओरखडे. आता पीयूची (पॉलियुरेथेनची) टाकलीत, गप्प चालतात, फरशी पकडतात, पण जरा जोर जास्त लागतो आणि त्यात बारीक खडे, स्टेपलच्या पिना रुतून बसतात. फोर्कखालचे रोलर जोडीवाले घ्या, एकेक असतील तर फरशीच्या सांध्यात अडकतात.

आणि ते स्ट्रेच फिल्म, माल बांधायचं पातळ प्लास्टिक! पॅलेटला गुंडाळून झाल्यावर शेपूट लोंबतं ठेवतात, ते रोलरभोवती असं गुंडाळलं जातं की एकदा तर चाक फिरायचंच बंद, गाडी घसटत चाललेली आणि ढकलणारा म्हणतोय माल जड आहे. अर्धा तास पालथी घालून सुरीने कापत बसलो. सुतळीचं पण तेच.

मेंटेनन्स फार नाही. मधे एकदा पंप मारला तरी फोर्क वर जाईना, आम्ही घाबरलो, दुरुस्तीवाल्याला बोलवणार होतो, पण ती आत हवा शिरलेली असते, माल नसताना लिव्हर वर ओढून धरायचा आणि दहा-पंधरा वेळा हँडल वरखाली करायचं, हवा निघते. झालं. ऑइल कमी झालं तर हायड्रॉलिक ऑइलच टाका, ३२ ग्रेडचं चालतं, घरातलं कुठलंही तेल ओतू नका. आणि पंपाखाली ऑइलचा डाग दिसला तर लगेच ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) बदला, दुरुस्ती नंतर बघू म्हणू नका, कारण त्या डागावरून पाय घसरतो तो माल हातात असणाऱ्याचाच.

आता ती तक्रार. साडेचार इंच.

जॅकने वाहणं सोपं केलं, उचलणं नाही. गोणी पॅलेटवर ठेवायला आणि पॅलेटवरून काढायला माणूस अजूनही घोट्यापर्यंत वाकतोच. उलट आता फेऱ्या पटपट होतात म्हणून वाकणं पण जास्त वेळा होतं! अमेरिकेतल्या नायोश या संस्थेचं उचलण्याचं एक सूत्र आहे, त्यात सगळं आदर्श असेल तर, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या जरा खाली, कंबर न वळवता, दोन्ही हातांनी धरायला नीट, तर मर्यादा २३ किलो. आणि तेच वजन घोट्यापासून ५० सेमी लांब धरलं तर बाकी सगळं तसंच असूनही साडेअकरा, बरोब्बर निम्मं. आता पॅलेटच्या पलीकडच्या कडेची गोणी या बाजूला उभं राहून कशी काढतात ते डोळ्यासमोर आणा. हात पूर्ण लांब, गुडघे सरळ, वरून कंबर वळवलेली. आमच्या गोण्या २५ किलोच्या. आमच्यातल्या एकाची कंबर धरली ती जॅक आल्यानंतर, आधी नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं कारण गाडी मीच आणायला लावली होती.

म्हणून आम्ही काय केलं, एक तर पॅलेटच्या चारी बाजूंनी फिरता येईल एवढी जागा सोडली, वाकून लांबची गोणी ओढण्यापेक्षा दोन पावलं चाललेलं बरं. आणि जिथं एका जागी बसून भरायचं काम आहे तिथं कमरेएवढं टेबल केलं. खरा इलाज सिझरवाली हाय लिफ्ट जॅक, ती ८०० मिमीपर्यंत वर जाते, पण तिची उचल साधारण एक टनाची, वर गेली की बाजूचे पाय आपोआप खाली टेकतात म्हणजे मग ती हलवायची नसते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालून बंद फळीच्या पॅलेटला ती चालत नाही, खालून उघडी पॅलेट लागते. हे न बघता कुणी ऑर्डर देऊ नका, आमची देता देता राहिली.

थप्पीचं पण थोडं. जॅक आली की माल भराभर येतो आणि मग माणसं उंच रचत सुटतात. गोण्या प्रत्येक थराला जरा आत घेत आणि आडव्या-उभ्या गुंफत रचायच्या, ओशाच्या (अमेरिकेतली कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) बांधकामाच्या नियमात तर दर दहा गोण्यांच्या आत ही गुंफण पाहिजेच असं आहे. आम्ही आठवरच थांबतो. जड माल कमरेच्या उंचीला, हलका वर, आणि फायर स्प्रिंकलर असतील तर त्याच्याखाली दीड फूट मोकळं.

जॅक उभी करताना फोर्क खाली टेकवून भिंतीकडे टोक करून. आमच्याकडं एकदा मधल्या रस्त्यात फोर्क अर्धा उचललेला ठेवला होता, लाइट गेली, आणि माझीच नडगी. आणि फोर्कवर उभं राहून स्कूटरसारखं फिरणं, ते पोरं करणारच, दोनदा ओरडलोय, तिसऱ्यांदा चावी असती तर काढून घेतली असती पण याला चावीच नसते.

पाचपैकी साडेतीन. हाफ लिव्हरचा, एक त्या साडेचार इंचांचा. जॅक ठेवणार आहेच, विकायचा प्रश्नच नाही, फक्त पुढची ऑर्डर देण्याआधी सगळ्या पॅलेट पालथ्या घालून खालून किती उघड्या आणि किती बंद ते मोजायचं काम चालू आहे, आत्तापर्यंत तेवीस बघितल्या, सतरा बंद निघाल्या.